श्वासनळीचा कॅन्सर: ऑपरेशन झालं, आता शेक द्यायचा की नाही?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातला. एरवी कापसाच्या भावाच्या नाहीतर पावसाच्या धाग्यावर असतो, आज घरचा विषय घेऊन आलोय. जाणकारांनी आणि ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

माझी थोरली बहीण, वय ४६, पाचोऱ्याला दिलेली. बिडी-तंबाखू तर सोडाच, मशेरीसुद्धा कधी लावली नाही तिनं. दोनेक वर्षं तिला दम लागायचा, जिना चढली की गळ्यातून शीळ वाजायची. दमा आहे म्हणून पंप सुरू झाला, पंपानं फरक नाही म्हणून दुसरा पंप, छातीचा एक्सरे दरवेळी साफ. मग दिवाळीत खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा कुठं सीटी स्कॅन आणि दुर्बीण झाली, आणि कळलं की गाठ श्वासनळीतच आहे. अॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा असं नाव. मुंबईला ऑपरेशन झालं, नळीचा गाठीवाला तुकडा कापून दोन्ही टोकं जोडली. ताई आता चालते-बोलते, पंप बंद झालाय.

पण काढलेल्या तुकड्याच्या रिपोर्टात एका टोकाला मार्जिन पॉझिटिव्ह आलंय, म्हणजे कापलेल्या कडेला अजून कॅन्सरच्या पेशी सापडल्यात. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे रेडिएशन, म्हणजे शेक, घ्या, एकूण ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप). आता घरात दोन तट पडलेत. भाऊजी म्हणतात घ्यायचंच. ताईची सासू आणि आमचे काका म्हणतात गाठ निघाली ना, मग चालत्या-फिरत्या बाईला कशाला जाळायचं. ताई स्वतः घाबरलीय कारण शेजारच्या कोणीतरी सांगितलं की शेक घेतलेल्या बाईजवळ लेकरं जाऊ द्यायची नसतात, आणि तिचा नातू दीड वर्षाचा आहे, तो तिच्याशिवाय झोपत नाही. शेक खरंच लागतो का, लागत असेल तर मुंबईलाच थांबायचं की नाशिक-संभाजीनगरला घेता येईल, आणि त्या काळात बाईला खायला काय द्यायचं, सगळंच विचारतोय, माफ करा पोस्ट लांबली.

वरणबट्टी
घाबरू नको भाऊ, व्हई जाई समदं बरं. तुमनी बहीन आमनी बहीन शे. मला यातलं काही कळत नाही पण धागा खाली जाऊ देणार नाही.

केळीबाग_सावदा
आमच्या वडलांना श्वासनळीचाच होता, पण प्रकार वेगळा, स्क्वॅमस सेल. वय सत्तरीच्या आसपास, बिडी पन्नास वर्षांची. गाठ नळी जिथं दोन फुप्फुसांत फुटते अगदी तिथं होती, त्यामुळं ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं. म्हणजे आमच्याकडं शेक हाच मुख्य इलाज होता, सोबत आठवड्याला एक केमो.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी सांगतो. आम्हाला वाटलं होतं गेलो की लगेच मशीनखाली झोपवतील. पण डॉक्टरांनी आधी दुर्बिणीतून गाठीचा आत आलेला भाग काढून नळी मोकळी केली, नंतर शेक सुरू केला. कारण विचारलं तर म्हणाले की शेक सुरू झाला की पहिल्या दिवसांत गाठीला सूज येऊ शकते, आणि नळी आधीच इतकी बारीक आहे की तेवढ्या सुजेनं श्वास कोंडेल. ज्यांच्या घरात ऑपरेशन न होता थेट शेक ठरलाय त्यांनी हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

वडील त्यानंतर दोन वर्षं राहिले. खोटं कशाला सांगू, बरे नाही झाले. पण त्या दोन वर्षांत बागेत यायचे, घड कापणीला बांधावर बसून माणसांना सूचना द्यायचे, रात्री आडवं होऊन झोपायचे. त्याआधी कित्येक महिने बसूनच झोप काढली होती त्यांनी. शेकानं आमचं भलं केलं असंच मी म्हणेन.

निसर्गमार्गी
माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. ऑपरेशननं गाठ गेली आहे. रेडिएशननं चांगल्या पेशीपण मरतात हे तर डॉक्टरसुद्धा मान्य करतात. सहा महिने पथ्य, गोमूत्र अर्क, गव्हांकुर, प्राणायाम करून बघा, स्कॅनमध्ये काही दिसलं तर तेव्हा रेडिएशन आहेच की.

कान_नाक_घसा
मी धुळ्यात ईएनटी करते. गिरणाकाठ दादा, तुमच्या ताईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळं उपचार त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण विषय समजावून सांगते म्हणजे घरात बोलायला बरं पडेल.

श्वासनळीचा मूळचा कॅन्सर फारच दुर्मिळ, दहा लाख माणसांत वर्षाला एखाद-दुसरा. बोस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटल, जिथं डॉ. हर्मीस ग्रिलो यांनी श्वासनळीची सर्जरी उभी केली आणि जिथं जगभरातून पेशंट यायचे, तिथंसुद्धा १९६२ ते २००२ या चाळीस वर्षांत दोन्ही मुख्य प्रकार, म्हणजे अॅडिनॉइड सिस्टिक आणि स्क्वॅमस, मिळून २७० पेशंट आले. मग आपल्या तालुक्यातल्या डॉक्टरनं आयुष्यात एकही पाहिलेला नसणं स्वाभाविक आहे. नळी निम्म्याहून जास्त बंद होईपर्यंत त्रास फारसा जाणवत नाही, आणि एक्सरेत नळीमागे मणका, पुढं हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या, त्या सावलीत गाठ दडते. म्हणून दमा समजून वर्ष-दोन वर्षं जातात. इथं वाचणाऱ्या सगळ्यांना सांगते, पंपानं अजिबात फरक न पडणारा दमा असेल आणि श्वास आत घेताना गळ्यातून आवाज येत असेल तर फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून तिचा आलेख छातीच्या डॉक्टरला दाखवा. मोठ्या नळीत अडथळा असेल तर तो आलेख चपटा येतो, दम्यात तसा येत नाही.

आता मार्जिनचं. अॅडिनॉइड सिस्टिक हा तंबाखूशी संबंध नसलेला, हळू वाढणारा प्रकार. पण तो अस्तराच्या खालून आणि नसांच्या कडेनं पसरतो. सावद्याच्या दादांना लगेच कळेल, केळीचं खोड कापलं तरी मुनवे जमिनीखालून हातभर लांब जाऊन फुटतात ना, तसं. वरून नळी स्वच्छ दिसते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी सापडतात. सर्जनला वाटेल तेवढी नळी कापता येत नाही. अख्खी नळी दहा ते बारा सेंटिमीटरची, त्यातली फार तर निम्मी काढून टोकं जोडता येतात. त्यापुढं कापलं तर जोडावर ताण येतो आणि जोड उसवणं हे उरलेल्या चार पेशींपेक्षा कितीतरी घातक. म्हणून अनुभवी सर्जन मुद्दाम थांबतो आणि उरलेलं काम रेडिएशनवर सोपवतो. मार्जिन पॉझिटिव्ह म्हणजे ऑपरेशन बिघडलं असा अर्थ घरात कोणी काढू नका.

निसर्गमार्गी, प्राणायाम अवश्य करावा, जखम भरल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारून. पण स्कॅनमध्ये दिसेल तेव्हा बघू हे या आजारात चालत नाही, कारण स्कॅनमध्ये दिसेपर्यंत नळीत पुन्हा कापण्याइतकी जागा शिल्लक नसते. आणि गोमूत्र अर्कानं या पेशी मरतात याला काहीही आधार नाही, ताईंचा वेळ त्यात घालवू नका एवढी हात जोडून विनंती.

गिरणाकाठ
डॉक्टर ताई, तुमची पोस्ट रात्री भाऊजींना फोनवर वाचून दाखवली, त्यांनी स्पीकर लावून ताईच्या सासूबाईंना ऐकवली. मुनव्यांचं त्यांना पटलं, त्या मूळच्या फैजपूरच्या, केळीच्या पट्ट्यातल्या.

मुक्ताईनगरची
बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते हा धागा पाहून. मी स्वतः पेशंट आहे. हाच आजार, हेच ऑपरेशन, नंतर शेक. आता बरीच वर्षं झाली, शाळेत शिकवते, फळ्यासमोर तासभर बोलू शकते.

ताईंना सांगा की ऑपरेशन ज्यांनी सोसलं त्यांना शेक जड नाही. आमची हनुवटी छातीजवळ टाके घालून बांधली होती, आठवडाभर मान वर करायची नाही, जोडावर ताण येऊ नये म्हणून. ताईंचंही तसंच असेल. त्या दिवसांच्या पुढं शेकाचं टेबल म्हणजे काहीच नाही हो.

पहिल्यांदा गेले तेव्हा शेक दिलाच नाही. चेहरा, मान, खांदे यांच्यावर एक जाळीची प्लास्टिकची शीट गरम पाण्यातून काढून ठेवली, ती ओली ऊबदार शीट नाकावर, कपाळावर बसत गेली आणि काही मिनिटांत कडक झाली. तोच मुखवटा. मग तो घालून सीटी काढला. छातीवर खुणा केल्या, त्या घासायच्या नाहीत. पुढं रोज तोच मुखवटा टेबलाला क्लिप लावून अडकवायचे, टक् टक् टक्. मला पहिले काही दिवस त्याचीच भीती वाटली, डोळे मिटून मुक्ताईचं नाव घ्यायचे. नंतर तिथल्या मुलीला सांगितलं की क्लिप लावण्याआधी मला सांगत जा, तिनं रोज सांगितलं, भीती गेली. मशीन भोवती फिरतं, गुणगुणतं, बस. काही लागत नाही, भाजत नाही, वास येत नाही. कपडे बदलण्यापासून बाहेर येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं.

त्रास होतो तो नंतर. तिसऱ्या आठवड्यापासून गिळताना दुखायला लागलं. घास छातीत अडकल्यासारखा. कोरडा खोकला, आणि थकवा असा की दुपारी पोळ्या लाटता लाटता बसून घ्यावं लागायचं. शेक संपल्यावर साधारण महिन्याभरात गिळणं सुधारलं, थकवा जायला जास्त वेळ लागला. नाही घेतला असता तर या भीतीत मला झोप लागली नसती.

किरणमापक
मूळ अमळनेर, सध्या पुण्यात मेडिकल फिजिसिस्ट. म्हणजे डॉक्टर डोस ठरवतात आणि तो शरीरात नेमका कुठं पडेल याचा हिशोब आमच्याकडं. मुक्ताईनगरच्या ताईंनी टेबलावरचं सगळं सांगितलंय, मी त्या भिंतीमागचं सांगतो.

आधी नातवाचं. बाहेरून दिलेला शेक हा लिनॅक मशीनमधून येतो. त्यात किरणोत्सारी पदार्थ नसतोच, वीज बंद की किरण बंद. पेशंटच्या अंगात काही उरत नाही. ताईंनी टेबलावरून उठून त्याच मिनिटाला नातवाला कडेवर घ्यावं. कोबाल्ट मशीन असलं तरी स्रोत मशीनमध्येच राहतो. ज्या उपचारांत औषध म्हणून किरणोत्सारी पदार्थ पोटात देतात, थायरॉइडच्या आयोडीनसारखे, त्यात काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. शेजारणीनं ते ऐकलं असेल, ते इथं लागू नाही.

६० ग्रे एका दिवसात देत नाहीत. रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून ३० वेळा आणि सहा आठवडे. तुकडे करण्याचं कारण हेच की चांगल्या पेशी मधल्या वेळात स्वतःची डागडुजी करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तेवढं जमत नाही. निसर्गमार्गींचा चांगल्या पेशींचा मुद्दा खोटा नाही, पण अख्खी पद्धत त्याच मुद्द्यावर उभी आहे.

श्वासनळीचा शेक अवघड का, तर शेजार. पाठीमागं अन्ननलिका चिकटून, तिच्यामागं मणक्यातला मज्जारज्जू, दोन्ही बाजूंना फुप्फुसं, खालच्या भागात हृदय. मज्जारज्जूला आम्ही साधारण ४५ ते ५० ग्रेच्या वर जाऊ देत नाही, आणि नळीला द्यायचे असतात ६०, तेही त्याच्यापासून दोन-तीन बोटांच्या अंतरावर. म्हणून जुन्या पद्धतीनं पुढून-मागून सरळ शेक देऊन भागत नाही, आयएमआरटी लागते, म्हणजे अनेक कोनांतून किरणांचा जोर कमी-जास्त करत नळीभोवती डोस बसवायचा. आणि रोज सुरू करण्याआधी मशीनवरच फोटो काढून जागा जुळवायची, त्याला आयजीआरटी. दवाखाना कुठलाही निवडा पण हे दोन शब्द विचारा.

तापीमाय_शहादा
आमच्या नंदुरबारकडचे सगळे सुरतेला जातात, गाडी सरळ आहे. पण योजनेचा लाभ घ्यायचा तर महाराष्ट्रातला दवाखाना बरा पडतो, तेवढं बघून घ्या. महात्मा फुले योजनेत रेडिएशन बसतं, रेशन कार्ड आणि आधार लागतं, पाच लाखांपर्यंत. यादीतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटा, उपचार सुरू झाल्यावर नाही. माझ्या जावेच्या वेळी आधी पैसे भरले आणि मग योजना आठवली, ते पैसे काही परत मिळाले नाहीत.

पुरावा_दाखवा
डॉक्टर ताई, एक शंका, वाद घालायला नाही. ऑपरेशननंतर रेडिएशन घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट करून अभ्यास झालाय का? का नुसता अनुभव?

कान_नाक_घसा
प्रश्न बरोबर आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला मोठा अभ्यास श्वासनळीच्या कॅन्सरमध्ये नाही. इतका दुर्मिळ आजार, पेशंट आणणार कुठून? जे माहीत आहे ते मोठ्या हॉस्पिटलांच्या जुन्या नोंदींवरून. त्यातून शेकानं आयुष्य नेमकं किती वाढतं यावर एकमत नाही. पण मार्जिनवर पेशी राहिल्या असतील तर त्याच जागी आजार पुन्हा उगवू नये म्हणून शेक द्यावा, याकडे बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे. आणि श्वासनळीत त्याच जागी उगवणं म्हणजे श्वास कोंडणं. यकृतात किंवा हाडात परत येणं वेगळं, इथं माणूस गुदमरतो. म्हणून मी याला कमी लेखत नाही.

पुरावा_दाखवा
पटलं. सरळ सांगितलंत म्हणून जास्त पटलं.

केळीबाग_सावदा
जागेबद्दल माझं ठाम मत आहे, मुंबईचं टाटा हॉस्पिटलच. इतका दुर्मिळ आजार, जिथं चार केसेस पाहिल्यात तिथंच जा. नाशिकला चांगले डॉक्टर असतील पण त्यांनी श्वासनळी किती पाहिली?

किरणमापक
सावद्याचे दादा, तुमच्याशी निम्मा सहमत. नकाशा म्हणजे कुठं किती डोस हे ठरवताना अनुभवी माणूस हवाच. पण मुंबईत सहा आठवडे राहणं सगळ्यांना झेपत नाही आणि परवडत नाही म्हणून कितीतरी लोक मधेच सोडून गावी जातात. अर्धवट शेक सगळ्यात वाईट. मधे खंड पडला तर डोसचा परिणाम घटतो. त्यापेक्षा ऑपरेशन केलेल्या टीमकडून लेखी घ्या, किती ग्रे, कुठपर्यंत, जोड कुठं आहे, आणि ते कागद घेऊन नाशिकला किंवा संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर हॉस्पिटलला विचारा. तिथले डॉक्टर टाटाच्या टीमशी बोलतात, हे रोज घडतं.

रोज जाऊन-येऊन करू म्हणत असाल तर करू नका. धुळ्याहूनसुद्धा नाशिक दीडशे किलोमीटर, तिसऱ्या आठवड्यात घशाला जखम असताना एसटीचे धक्के खाऊन संध्याकाळी घरी येणं कोणालाच झेपणार नाही. खोली घेऊन राहा.

केळीबाग_सावदा
तरी मी टाटाच म्हणेन 🙂 पण मधेच सोडू नये हे शंभर टक्के. आमच्या वॉर्डातले एक काका पेरणीसाठी म्हणून गेले ते दोन आठवड्यांनी आले. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना रागावून नाही, अक्षरशः विनवून सांगितलं होतं.

भुसावळ_जंक्शन
रेल्वेत आहे म्हणून माझ्या कामाचं तेवढं सांगतो. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, म्हणजे भाडं नाही, आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. दवाखान्यातून ठरलेल्या नमुन्यात सर्टिफिकेट घ्यायचं, सही-शिक्का बघून घ्यायचा, आणि तिकीट खिडकीवर काढायचं. झेरॉक्स चार-पाच करून ठेवा. जळगाव-पाचोरा-चाळीसगावच्या खिडकीवर कोणी नाही म्हटलं तर स्टेशन मास्तरांना भेटा, नियम आहे, उपकार नाही.

मुंबईत राहायचं झालं तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा कॅन्सरच्या पेशंटसाठीच ओळखली जाते. नंबर लागायला वेळ लागतो म्हणून टाटाच्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव सांगून ठेवा.

वरणबट्टी
आता माझा विषय आला, खाणं. ताईला त्या सहा आठवड्यांत भरीत चालेल का? खान्देशी माणसाला महिनाभर भरीत नाही म्हणजे फार झालं.

मुक्ताईनगरची
वरणबट्टी दादा, भरीत चालेल पण आपल्या हातचं नाही 😀 हिरवी मिरची न कुटता, नुसतं भाजलेलं वांगं मीठ-तुपात. तिखट, शेवभाजी, ठेचा, कळण्याची भाकरी कोरडी, पापड, लोणचं हे सगळं बंद. मला पहिल्या आठवड्यात काही होत नव्हतं म्हणून आईनं फौजदारी डाळ केली, चौथ्या आठवड्यात नुसत्या तिच्या वासानं डोळ्यात पाणी यायचं.

मऊ खिचडी तूप घालून, दूधपोळी कुस्करून, वरणात बट्टी भिजवून अगदी गाळ करून, रव्याची पातळ खीर, अंडं चालत असेल तर उकडून कुस्करून. चहा कोमट. आणि केळी, आपल्याकडं काय कमी आहेत. वजन उतरू देऊ नका, वजन उतरलं तर मुखवटा सैल होतो आणि परत नवा करावा लागतो, माझ्या शेजारच्या बाईंचा करावा लागला. गिळताना फार दुखलं तर सहन करत बसू नका, जेवणाआधी घ्यायचं बधिर करणारं औषध मिळतं, डॉक्टरांना मागा.

केळीबाग_सावदा
केळी मी पाठवतो. पत्ता खासगी निरोपात टाका.

तापीमाय_शहादा
प्रोटॉन थेरपी म्हणून काय असतं? आमच्या भाच्यानं व्हॉट्सअॅपवर टाकलं की ह्या आजाराला तीच लागते, आणि अमेरिकेत न्यूट्रॉननं करतात.

किरणमापक
भाच्यानं चुकीचं टाकलेलं नाही पण ‘तीच लागते’ हे खरं नाही. साधे एक्सरेचे किरण गाठीतून पुढं निघून जातात, पलीकडच्या भागालाही थोडा डोस लागतो. प्रोटॉन ठराविक खोलीवर जाऊन थांबतो, त्यामुळं मागचा मज्जारज्जू, फुप्फुस, हृदय वाचवायला सोपं जातं. आपल्याकडं चेन्नईत अपोलोचं सेंटर २०१९ पासून आहे आणि नवी मुंबईत खारघरला टाटाच्याच अॅक्ट्रेक नावाच्या केंद्रातही आहे. जर्मनी-जपानमध्ये कार्बन आयन, म्हणजे प्रोटॉनपेक्षा जड कण, वापरतात, सिएटलला न्यूट्रॉननं अॅडिनॉइड सिस्टिकवर बरंच काम झालंय, कारण हा प्रकार साध्या किरणांना जरा चिवट मानला जातो. ज्यांचं ऑपरेशनच होऊ शकत नाही आणि जास्त डोस, ७० ग्रेच्या आसपास, द्यावा लागतो त्यांनी प्रोटॉनचं जरूर विचारावं. ताईंची गाठ निघालीय, चांगल्या आयएमआरटीवर ६० ग्रे नीट बसतो. प्रोटॉनच्या रांगेत थांबून ऑपरेशननंतरची वेळ टळू देऊ नका.

गिरणाकाठ
तेच विचारणार होतो. ऑपरेशन होऊन महिना झालाय. उशीर तर होत नाहीये ना?

कान_नाक_घसा
नाही. नळीचा जोड पक्का भरायला वेळ द्यावाच लागतो, त्याआधी शेक दिला तर जोड कच्चा राहतो. म्हणून साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास सुरू करतात. सुरू करण्याआधी दुर्बिणीतून जोड बघून घेतील. पण त्यात मुखवटा, सीटी, नकाशा यालाच एक-दोन आठवडे जातात, त्यामुळं नंबर आत्ताच लावा.

निसर्गमार्गी
सगळं वाचलं. मार्जिनचा प्रकार मला इतका खोलात माहीत नव्हता. ताईंनी शेक घ्यावा. प्राणायामाचं मात्र डॉक्टरांना विचारून नक्की करा, श्वासाचा आजार आहे.

गिरणाकाठ
मंडळी, बरेच दिवस इकडं येणं झालं नाही. सांगायला आलो की शेक सुरू आहे, नाशिकला. मुंबईच्या टीमनं सगळं लेखी दिलं, इथल्या डॉक्टरांनी फोनवर त्यांच्याशी बोलून मगच नकाशा केला. आयएमआरटी आहे, योजनेत बसलं. पंचवटीत खोली घेतलीय, भाऊजी आणि सासूबाई सोबत. हो, सासूबाईच. त्यांनीच ठरवलं की सुनेला बाहेरच्या हातचं खायला घालायचं नाही.

चौथा आठवडा चालू आहे. मुक्ताईनगरच्या ताई, तुम्ही सांगितलं तसंच झालं, तिसऱ्या आठवड्यात गिळणं दुखायला लागलं. बधिर करायचं औषध मागितलं, दिलं, आता खिचडी जाते. मुखवट्याच्या क्लिपचं ताईनं तिथल्या पोराला पहिल्याच दिवशी सांगितलं, तो रोज ‘ताई, लावतोय हां’ म्हणतो. वजन दीड किलो उतरलंय, डॉक्टर म्हणाले चालेल. नातू शनिवारी-रविवारी येतो आणि तिच्याच कुशीत झोपतो. सावद्याच्या दादांची केळी पोचली, अर्धी वॉर्डात वाटली.

शेवटचं विचारतो. शेक संपल्यावर काय काय बघायचं असतं?

किरणमापक
शेकाचे काही परिणाम उशिरा येतात. संपल्यानंतर एक ते सहा महिन्यांत कधीही कोरडा खोकला, बारीक ताप, दम वाढला तर तो फुप्फुसाला आलेला शेकाचा दाह असू शकतो. औषधानं आटोक्यात येतो, पण ओळखता आला पाहिजे. गावातल्या डॉक्टरांकडं गेलात तरी शेक झालाय हे पहिल्या वाक्यात सांगा आणि फाइल सोबत ठेवा.

कान_नाक_घसा
शेकाचा भाग मानेपर्यंत आला असेल तर थायरॉइडची रक्त तपासणी दर सहा महिन्यांनी. जोडाच्या जागी नळी आकसू शकते, म्हणून गळ्यातून पुन्हा शीळ ऐकू आली तर थांबायचं नाही, दुर्बीण. आणि हा प्रकार दहा-पंधरा वर्षांनीही डोकं वर काढतो, बऱ्याचदा फुप्फुसात, तोही हळू वाढणारा. पाच वर्षं झाली, सुटलो, असं समजून तपासण्या बंद करू नका.

मुक्ताईनगरची
मी अजूनही वर्षाला सीटी काढते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तारीख घेते म्हणजे शाळा बुडत नाही. ताईंना माझा नंबर खासगी निरोपात पाठवलाय, रात्री आठनंतर कधीही फोन करू दे.

गिरणाकाठ
मिळाला. आज रात्रीच करते म्हणाली. तपासण्यांचं सगळं भाऊजींच्या फाइलीच्या पहिल्या पानावर लिहून चिकटवतो, आणि थायरॉइडचं सोमवारी तिथल्या डॉक्टरांना विचारतो.